दुखतंय हे न सांगणाऱ्या माझ्या भावाला

निखिल,

काल शेवटच्या दिवसांत सेवा देणाऱ्या हॉस्पिसची माणसं येऊन तुझा पलंग घेऊन गेली. पलंग होता तिथे गालिच्यावर चाकांचे खड्डे उरलेत. बाबा म्हणाले, व्हॅक्यूम केलं की जातील. मी अजून केलेलं नाही. त्यात दुसरं काही शोधू नकोस, नुसता कंटाळा आहे.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुला मराठी वाचता येत नव्हतं, पण कळायचं सगळं. आपलं बोलणं कायम तसंच झालं, मी मराठीत विचारायचं आणि तू इंग्रजीत उत्तर द्यायचं. इथे तुझी वाक्यंही मीच मराठीत लिहिणार आहे. चालवून घे.

गावच्या पेपरात तुझी बातमी आली. श्रूजबरीचा मुलगा, माजी मेजर लीग पिचर, खाली किती मॅच, किती विकेट्स असले आकडे. विकेट्स म्हटल्यावर तू हसला असतास, पण पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर सांगताना मी तोच शब्द वापरला. बातमीत चूक काहीच नाही. फक्त ती वाचून तू कसा होतास ते कळत नाही, आणि आपण दोघं इतकी वर्षं कशावरून भांडत होतो ते तर मुळीच नाही.

तू जन्मलास तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि अमेरिकेत येऊन मला एकच हिवाळा झाला होता. मला या देशातलं काही आवडत नव्हतं. तू इथलाच होतास, तरी तू आवडलास. तू डावखुरा निघालास. आई चमचा तुझ्या डाव्या हातातून काढून उजव्यात द्यायची, तू परत डाव्यात घ्यायचास. शेवटी तुमच्यात तह झाला, जेवायचं उजव्या हाताने आणि बाकी काय करायचं ते डाव्याने. पुढे शाळेत तुला बघायला मोठ्या टीमचा माणूस आला आणि म्हणाला की डावखुऱ्या पिचरला कायम मागणी असते, तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "बरं झालं मी फार जोर नाही केला."

आपल्या घरात बेसबॉल पहिल्यांदा आईलाच कळला. बाकड्यावर शेजारी बसणाऱ्या आयांकडून ती शिकली आणि तिने बाबांना शिकवलं. बाबांनी मग पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला शिकवलं. "पिचर म्हणजे आपला बोलर. पण तो धावत येत नाही, मातीच्या उंचवट्यावर उभ्यानेच टाकतो, आणि बॉलचा टप्पा पडत नाही. बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला तो कॅचर. तो बोटांनी खुणा करून सांगतो कुठला बॉल टाकायचा." पाहुणा मान डोलवायचा आणि चहा थंड होऊ द्यायचा. मी तेव्हा वुस्टरला फार्मसी शिकत होते, घरूनच जायचे, म्हणून तुला प्रॅक्टिसला सोडणं माझ्याकडे. तू मागच्या सीटवर बूट घालायचास. गाडीत अजूनही कधीकधी माती सापडते असं मी म्हणाले असते, पण त्या गाडीनंतर माझ्या चार गाड्या झाल्या.

बाबा तुझ्या खेळाच्या विरोधात होते असं लोकांना वाटतं, कारण कॉलेज मध्येच सोडून तू टीमशी करार केलास तेव्हा ते तुझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. ते चिडले होते ते डिग्रीवरून. खेळ त्यांना आवडायचा. बोलत नव्हते त्या दिवसांतही ते रोज सकाळी कॉम्प्युटरवर तुझ्या मॅचचा निकाल बघायचे, आणि मी खोलीत आले की हवामानाचं पान उघडायचे. डिग्री तू नंतर पूर्ण केलीस. त्यांनी ती फ्रेम करून त्यांच्याच खोलीत लावली, तुला दिली नाही.

मायनर लीगमधली ती वर्षं मला फोनवरूनच माहीत आहेत. मेजर म्हणजे सगळ्यांत वरची लीग, तिच्या खाली ती एक लांब शिडी आहे. खालच्या पायरीवरची गावं लहान, बस जुनी, आणि राहायचं कुणा अनोळखी कुटुंबाच्या घरी. आयोवात एका म्हाताऱ्या जोडप्याकडे तू होतास. आईने पाठवलेली लसणाची चटणी ते टोस्टवर लावून खायचे आणि आईला फोन करून अजून मागायचे. दोन पायऱ्या वर चढल्यावर तुला हेक्टर भेटला. डॉमिनिकन रिपब्लिकचा, तुझा कॅचर आणि तुझा रूममेट. त्याचं इंग्रजी तेव्हा जेमतेम होतं आणि तुझं स्पॅनिश त्याहून. एका थँक्सगिव्हिंगला तो आपल्या घरी आला. पुरणपोळी खाऊन त्याने विचारलं की हे जेवण आहे की गोड, आणि आई म्हणाली, दोन्ही. जाताना तो त्याचा एक जुना कॅचरचा ग्लव्ह बाबांना देऊन गेला. बाबांनी तो कपाटात ठेवला. काय करायचं त्याचं, त्यांना कळलं नव्हतं.

आता त्या फोनबद्दल.

जुलै होता. मी फार्मसीत काउंटरच्या आत होते. तू अगदी सहज विचारावं तसं विचारलंस, "ताई, अमुक गोळी आणि तमुक गोळी एका दिवशी घेतल्या तर चालतं का?" तू सर्वांत वरून दुसऱ्या पायरीवर होतास आणि उत्तम चाललं होतं. कुठल्याही क्षणी वर बोलावतील असं सगळे म्हणत होते.

"कुठे दुखतंय?" मी विचारलं.

"सहज विचारतोय."

"निखिल, या दोन गोळ्या एकत्र कुणी हौस म्हणून घेत नाही. कुठे दुखतंय?"

"कोपर. आतल्या बाजूला."

"ट्रेनरला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग."

"सांगितलं की ते मला बसवणार. मग वर दुसरा कुणीतरी जाणार."

"मग जाऊ दे ना दुसरा. पुढच्या वर्षी तू जा."

"ताई, पुढचं वर्ष असं काही नसतं. तुला नाही कळणार."

मी म्हणाले की कोपराचा लिगामेंट गेला तर काय होतं ते मला नीट कळतं. तू म्हणालास की मला लिगामेंट कळतो, बाकी नाही. मी गोळ्यांबद्दल काही सांगितलं नाही, तू रागावून फोन ठेवलास. आपल्या भांडणाची ही सुरुवात, आणि खरं तर सगळं भांडण एवढंच. पुढे पंधरा वर्षं आपण हेच वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहिलो.

ऑगस्टमध्ये तुला बोलावलं. आम्ही तिघं विमानाने गेलो. बाबांनी कोट घातला होता, स्टेडियममध्ये कोट घातलेले तेवढे एकच. तू एक इनिंग, म्हणजे समोरचे तीन बॅटर बाद होईपर्यंत, टाकलीस, कुणाला पळू दिलं नाहीस, आणि आमच्या पुढच्या रांगेतला एक अनोळखी माणूस बाबांना मिठी मारून गेला, कारण आई सगळ्यांना सांगत सुटली होती की तो माझा मुलगा आहे.

मॅचनंतर आपण हॉटेलात जेवायला बसलो. तुझा डावा हात टेबलाखाली होता. तू पाण्याचा ग्लास उजव्या हाताने उचललास. आई एकदम खूश झाली. "बघा," ती म्हणाली, "शेवटी शिकला की नाही उजव्या हाताने!" सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तुझ्याकडे. तिच्यासमोर मी काही बोलणार नाही हे तुला माहीत होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, रविवारी दुपारी, आम्ही घरी टीव्हीवर तुझी मॅच बघत होतो. एक बॅटर बाद झाला. पुढच्याला तू बॉल टाकलास आणि तो बॅटरच्या आसपासही गेला नाही. तू हात झटकलास, खाली वाकलास, आणि टीमचा ट्रेनर धावत आला. आई म्हणाली, "काय झालं? पाय मुरगळला का?" बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला काय झालं ते माहीत होतं. मी उठून भांडी घासली.

सर्जरी झाली. मनगटाजवळचा एक टेंडन, म्हणजे स्नायूचा दोर, काढून तो कोपरात बसवतात. तू श्रूजबरीला आलास आणि माझ्या घरी बेसमेंटमध्ये राहिलास; आई-बाबा तेव्हा माझ्याकडेच होते. त्या हिवाळ्यात आपण फारसं बोललो नाही. "मी सांगितलं होतं" हे मी एकदाही म्हटलं नाही. मला वाटत होतं हा माझा मोठेपणा. तू नंतर म्हणालास की मी ते न म्हणता जेवताना वाढायचे, आणि ते जास्त वाईट होतं.

बॉल टाकायची परवानगी मिळाली तेव्हा बाहेर अजून बर्फ होतं. हळूहळू, जवळून, रोज थोडं, असा डॉक्टरांचा कार्यक्रम होता, आणि झेलायला कुणी नव्हतं. तेव्हा बाबा कपाटातून हेक्टरचा ग्लव्ह घेऊन आले. पासष्टी उलटलेली, गुडघे दुखणारे, आयुष्यात कुठला खेळ न खेळलेले. त्यांना उकिडवं बसता येईना, म्हणून त्यांनी गॅरेजमध्ये प्लास्टिकची बादली उलटी ठेवली आणि तिच्यावर बसले. पहिले काही दिवस बॉल त्यांच्या ग्लव्हला लागून कुठेही जायचा आणि तू तो आणायला जायचास. मग त्यांना जमायला लागलं. मी कामावरून यायचे तेव्हा गॅरेजमधून आवाज यायचा, ग्लव्हमध्ये बॉल बसल्याचा, आणि मागोमाग बाबांचा, "बाहेर!" किंवा "आत!" आत म्हणजे स्ट्राइक, बॅटरने मारला नाही तरी त्याच्या विरुद्ध मोजला जाणारा बॉल; तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद. शेवटच्या क्षणी वळून खाली पडणारा जो स्लायडर, त्याला ते "वळणारा" म्हणायचे. "आता वळणारा टाक." एकदा त्या वळणाऱ्याने त्यांचा अंगठा सुजवला. आई तुमच्या दोघांवर इतकी चिडली की तिने गॅरेजचा रिमोट लपवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजूच्या दाराने आत गेलात.

त्या गॅरेजमध्ये तुमचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. डिग्री तू त्याच वर्षी घेतलीस एवढं माहीत आहे.

तू परत गेलास, आणि वर पोचलास. या वेळी जवळजवळ अख्खा सीझन राहिलास. पूर्वीचा वेग आला नाही, पण तू हळू टाकायला शिकलास, आणि ते जास्त बघण्यासारखं होतं. बॅटर वेळेच्या आधीच बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि तुझा बॉल मागून यायचा. तुझ्या टीमच्या शहराजवळच्या हर्नडनच्या मराठी मंडळाने तुला गणपतीला बोलावलं, तुझ्याबरोबर फोटो काढायला रांग लागली, आणि एका काकूंनी विचारलं, "पण तू जॉब काय करतोस?" तू म्हणालास, "काकू, हाच." त्या वर्षी तू सुखात होतास. मला ते दिसत होतं आणि मी ते तुला बोलून दाखवलंही नाही. असो.

पुढच्या वसंतात एक सरळ वेगवान बॉल तुझ्या हातातून निसटला आणि बॅटरच्या गालफडावर बसला. जबडा मोडला. तू दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेलास. त्याच्या बायकोने तुला दारातच थांबवलं आणि म्हणाली, आज नको. तू घरी न जाता बाहेर बाकावर बसून राहिलास. तिने संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तू तिथेच होतास. त्या माणसाला बोलता येत नव्हतं. त्याने हात पुढे केला, तू तो धरलास. त्याच्या मनात काही राहिलं नाही. तो त्याच वर्षी परत खेळायला लागला आणि अजून कुठेतरी खेळतो.

तू मात्र संपलास. तुझंच वाक्य आहे, माझं नाही. बॅटरच्या जवळून बॉल टाकणं तुला जमेना. मग बाहेरून टाकणंही जमेना. टीमने खाली पाठवलं, मग सोडलं. दुसऱ्या टीमने घेतलं, तिनेही सोडलं. शेवटी तू पेनसिल्व्हेनियातल्या एका गावच्या टीममध्ये गेलास. तिचा मेजरशी काही संबंध नव्हता, जिथे मिळेल तिथे खेळत राहणाऱ्यांची ती टीम होती. मी तुला न सांगता गाडी काढून तिथे आले. स्टेडियम शाळेच्या मैदानाएवढं. दोन इनिंगच्या मध्ये सॉसेजचे पोशाख घातलेली माणसं शर्यत लावत होती. तू आलास, बाहेर बॉल टाकत समोरच्यांना एकामागून एक फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलंस, आणि मॅनेजर येऊन तुझ्या हातातून बॉल घेऊन गेला. कुणी ओरडलंही नाही. लोक पॉपकॉर्न खात होते.

नंतर आपण तिथल्या एका डायनरमध्ये जेवायला बसलो. मी म्हणाले, "घरी चल."

तू म्हणालास, "मला दुसरं काही येत नाही, ताई."

"येईल की. डिग्री आहे."

"ती बाबांच्या खोलीत आहे," तू म्हणालास, आणि आपण दोघंही हसलो. मग मी विचारलं की बॉल टाकताना तुला त्या माणसाचा चेहरा दिसतो का. सगळे तसंच म्हणत होते.

"नाही ना," तू म्हणालास. "चेहरा दिसला असता तर बरं झालं असतं, त्यावर डॉक्टर असतात. मला काहीच दिसत नाही. बॉल सुटतो आणि तो कुठे जाणार ते मला कळत नाही. आधी ते कळायचं. सुटायच्या आधी कळायचं. लहानपणापासून." तू ताटातल्या बटाट्यांकडे बघत बोलत होतास. "कोपर दुखत होतं तेव्हासुद्धा कळायचं."

मी म्हणाले, "अ‍ॅपल पाय खाशील का?" आणि तू दोन मागवलेस.

वर्षभराने तू फोन करून म्हणालास, "झालं." आणि परत आलास. इथल्याच एका शाळेत मुलांना शिकवायला लागलास. मला वाटलं होतं तू कडवट होशील. झाला नाहीस. संध्याकाळी मैदानावरून माझ्याकडे जेवायला यायचास आणि कुणाचा बॉल कसा वळतो ते मीठदाणी फिरवून दाखवायचास. आईच्या शेवटच्या आजारपणात तिला उचलून खुर्चीत तूच बसवायचास, डाव्या हाताने. ती तुझ्या आधी गेली ते बरं झालं असं आता लोक मला सांगतात. मी हो म्हणते.

मुलांना तू घालून दिलेला पहिला नियम मला त्यांच्याकडूनच कळला. दुखलं की त्याच दिवशी सांगायचं. जो लपवेल त्याला बसवणार, जो सांगेल त्याला नाही. मी त्या दिवशी तुझी वाटच बघत होते.

"म्हणजे मी म्हणत होते तेच," मी म्हणाले.

"ती मुलं आहेत."

"आणि तू?"

"मी मोठा होतो. माझा हात होता."

"तुझा हात आईने भरवून मोठा केला होता."

"उजवा," तू म्हणालास. "डाव्याशी तिचा संबंध नव्हता." आणि वर हसलास. तुझ्याशी भांडण्यातला हाच त्रास होता.

गेल्या वर्षी तुझी पाठ दुखायला लागली. केव्हापासून, ते मला माहीत नाही, कारण तू सांगितलं नाहीस. शिकवताना वाकावं लागतं, वय होतंय, असं म्हणत राहिलास. माझ्या लक्षात आलं ते तुझा पट्टा आतल्या भोकावर गेला होता तेव्हा. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं की आधी आलो असतो तर. ते म्हणाले, या आजारात बहुतेक वेळा फार फरक पडत नाही. बहुतेक वेळा. मी औषधांच्या धंद्यात आहे, मला या शब्दाचा अर्थ कळतो. तुलाही कळला.

केमोच्या खुर्चीत बसलेला असताना तूच विषय काढलास.

"तू अजून तेच म्हणतेस का? मी त्या जुलैमध्ये सांगायला हवं होतं?"

"हो," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. आणि पाठीचंही."

"गुड," तू म्हणालास. "मी आजारी आहे म्हणून मत बदलू नकोस. ते मला आवडणार नाही." मग डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. थोड्या वेळाने म्हणालास, "पाठीचं मात्र सांगायला हवं होतं."

अर्धं भांडण तू असं सोडून दिलंस. उरलेल्या अर्ध्याबद्दल आपण परत बोललो नाही. बोलण्यासारखे दिवस होते, पण ते औषधं, उशा आणि खिडकी उघड, खिडकी लाव यात गेले. मार्चच्या एका सकाळी, मी पेज गाळत असताना, तू गेलास. बाबा तुझ्याजवळ होते. त्यांनी मला हाक मारली ती नेहमीच्या आवाजात, म्हणून मी पेज गाळून संपवली आणि मग आले.

मला जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं आहे.

तुझे सगळे विधी झाल्यावर हेक्टर आला. फ्लोरिडाहून, एकटाच. केस पांढरे झालेत, इंग्रजी फर्डं झालंय, आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. मी चहा केला. बाबा समोर बसले होते. ते सध्या फारसं बोलत नाहीत. विचारलं तर हो, नाही, एवढंच. हेक्टर तुमच्या बसच्या प्रवासाचं बोलला, आईच्या चटणीचं बोलला. मी त्याला तो रविवार विचारला, कोपर गेलं तो. तोवर तोही वर पोचला होता आणि त्या दिवशी कॅचर तोच होता. मी विचारलं, तुला माहीत होतं का, त्याला दुखत होतं ते?

"हो तर," तो म्हणाला. "झेलणाऱ्याला कळतंच. पंधरा दिवस मला कळत होतं."

"मग?"

"मग त्या दिवशी मी खेळ थांबवून त्याच्याकडे चालत गेलो. म्हटलं, निक, खरं सांग, हात कसा आहे? तो म्हणाला, 'जातोय. आज जाणार.' अगदी शांत होता. मी म्हटलं, ट्रेनरला बोलावतो. तो म्हणाला, 'बोलाव, पण ही इनिंग झाल्यावर. हा समोरचा मला पाहिजे.'"

मी उठून खिडकीपाशी गेले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तू घाबरला होतास. जागा जाईल म्हणून, बस परत खाली नेईल म्हणून. मी त्या घाबरलेल्या मुलाशी वाद घालत होते. त्याला समजावता आलं असतं. पण हेक्टर सांगत होता तो माणूस घाबरलेला नव्हता. त्याला माहीत होतं काय जाणार आहे, आणि ते जायच्या आधी त्याला एक गोष्ट करून घ्यायची होती. मी तरीही म्हणेन की सांगायला हवं होतं. पण मग मला वेगळ्या माणसाला ते सांगावं लागलं असतं, आणि काय शब्दांत, ते अजून सुचलेलं नाही.

हेक्टरला वाटलं मी रागावले. तो म्हणाला, "मी तेव्हाच बोलवायला हवं होतं का?"

मी उत्तर द्यायच्या आत बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मग?" ते इंग्रजीत म्हणाले. "काय मागितलंस त्याच्याकडे?"

"सर?"

"खूण. तू खूण काय केलीस? कुठला बॉल?"

"स्लायडर," हेक्टर म्हणाला.

"वळणारा," बाबा मला मराठीत म्हणाले, जणू मला माहीत नव्हतं. मग त्याला, "कुठे?"

हेक्टरने कप खाली ठेवला आणि तो उठला. दिवाणखान्याच्या मधोमध, टीपॉय बाजूला सरकवून, ते ऑपरेशन झालेले गुडघे दुमडत तो उकिडवा बसला. डावा हात पुढे करून गालिच्यापासून वीतभर वर, बाहेरच्या बाजूला धरला. "इथे," तो म्हणाला. "मी ग्लव्ह इथे धरला. आणि तो हलवावा लागला नाही."

"स्ट्राइक?"

"स्ट्राइक. तो बाद झाला."

बाबा त्याच्या त्या रिकाम्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग हेक्टरला उठता येईना. बाबा खुर्चीतून उठले, एक हात टेबलाला धरला, आणि दुसरा त्याला दिला.